विश्वस्तपदाचा आदर्श : सेठ जमनालालजी बजाज

धार्मिक अथवा सार्वजनिक संस्थेचे विश्वस्तपद समाजात मानाचे समजले जाते. पत्रिकेवर नाव छापले जाते, उत्सवात व्यासपीठावर आसन मिळते, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने हे पद मानाचे नसून उत्तरदायित्वाचे आहे. संस्थेच्या मालमत्तेचा ताबा विश्वस्ताकडे असतो, सही त्याची चालते, तिजोरीची किल्ली त्याच्या हाती असते. मात्र त्या मालमत्तेचा लाभ त्याचा नसतो. वस्तू आपल्याजवळ असूनही ती आपली नाही, ही जाणीव अखंड ठेवणे हेच विश्वस्तधर्माचे सार होय. अपरिग्रहाचे तत्त्व आणि परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत ज्यांना बालपणापासून ऐकून माहीत आहे, त्या श्रावकांना हा विचार नवा नाही. नवे असते ते त्याचे रोजच्या कारभारातील आचरण.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत कोणत्याही संस्थेचा कारभार एका पिढीकडून दुसऱ्या पिढीच्या हाती जातो. अशा वेळी नव्या विश्वस्तांपुढे आदर्श म्हणून कोणाकडे पाहावे, असा प्रश्न उपस्थित झाल्यास फार दूर जावे लागत नाही. नागपूरपासून अवघ्या पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्यात, असा एक व्यापारी होऊन गेला. सेठ जमनालालजी बजाज हे जन्माने जैन नव्हते. ते अग्रवाल कुळातील वैष्णव होते. तथापि अपरिग्रहाचे तत्त्व पेढीच्या गादीवर बसून कसे पाळावे, याचे त्यांच्या जीवनाइतके ठळक उदाहरण आपल्या विदर्भात क्वचितच सापडेल. कायद्याने ते आपल्या संपत्तीचे संपूर्ण मालक होते आणि तरीही आयुष्यभर विश्वस्तासारखे वागले. कायद्याने विश्वस्त असलेल्यांनी मालकासारखे वागू नये, एवढा धडा त्यांच्या चरित्रातून घेतला तरी पुष्कळ झाले.

जन्म आणि दत्तकविधान

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी-का-बास या लहानशा गावी झाला. वडील कनीराम हे साधारण परिस्थितीचे गृहस्थ होते. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी सेठ बच्छराजजी बजाज यांच्या दत्तक पुत्राचे निधन झाले होते. घराण्याचा वंश पुढे चालावा म्हणून त्यांनी जमनालालजींना आपला नातू म्हणून दत्तक घेतले. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम पाच वर्षांचे होते. या दत्तकाच्या मोबदल्यात आई-वडिलांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. गावात पाण्याचे दुर्भिक्ष होते म्हणून सर्वांसाठी एक विहीर बांधून घेण्यात आली. ज्या बालकाच्या बदल्यात गावाला सार्वजनिक विहीर मिळाली, त्याच्या हातून पुढे उभे आयुष्य सार्वजनिक कार्य घडावे, हा योगायोग खरोखर अर्थपूर्ण वाटतो.

वर्ध्यात आल्यावर त्यांचे शालेय शिक्षण सुमारे चार वर्षांपुरतेच झाले. पुढचे सारे शिक्षण पेढीवर, मुनिमांच्या संगतीत आणि जमाखर्चाच्या वह्यांतून झाले. १९०२ मध्ये त्यांचा विवाह जावऱ्याच्या जानकीदेवींशी झाला.

वारसा आणि त्याग

त्यांच्या जीवनाला वळण देणारा प्रसंग वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या आतच घडला. एका लग्नसमारंभास जाताना दागिने घालण्याच्या गोष्टीवरून आजोबा बच्छराजजी संतापले आणि आपल्या संपत्तीचा उल्लेख करून नातवाला नको ते बोलले. जमनालालजींनी उलट उत्तर दिले नाही. त्यांनी एक पत्र लिहून ठेवले आणि अंगावरच्या वस्त्रांनिशी घर सोडले. आजोबांच्या संपत्तीवर आपला कोणताही हक्क नाही, पुढेही तो कधी सांगणार नाही, ही संपत्ती त्यांनी धर्मकार्यासाठी खुशाल वापरावी, अशा आशयाचे ते पत्र होते. त्यात रागाचा लवलेश नव्हता. आजोबांचे मन द्रवले, नातवाचा शोध घेऊन त्यांना परत आणण्यात आले. त्यानंतर थोड्याच काळात, १९०७ मध्ये, बच्छराजजींचे निधन झाले आणि कोवळ्या वयातच पेढीचा सारा भार जमनालालजींवर आला.

येथे कायद्याची एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. दत्तक वारस या नात्याने ही संपत्ती पूर्णपणे त्यांची होती. तिचा उपभोग घेण्यास त्यांना कोणतेही न्यायालय अडवू शकले नसते. परंतु एकदा मनाने सोडलेली संपत्ती पुन्हा आपली मानणे त्यांच्या विवेकबुद्धीला पटेना. हा पैसा आपल्या हाती आला आहे तो सांभाळण्यासाठी आणि योग्य ठिकाणी लावण्यासाठी, अशी त्यांची धारणा झाली. विश्वस्त हा शब्द त्यांच्या जीवनात येण्यापूर्वीच विश्वस्ताची वृत्ती अशी आली होती.

विश्वस्त कल्पनेचा उगम

हा शब्द त्यांना मिळाला तो महात्मा गांधींच्या सहवासात. गांधीजी विलायतेत बॅरिस्टर होत असताना त्यांनी स्नेल यांचा समन्यायावरील प्रसिद्ध ग्रंथ अभ्यासला होता. इंग्लंडच्या समन्याय न्यायालयांनी विश्वस्ताची जी कर्तव्ये ठरविली, त्यांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. विश्वस्ताच्या हाती कोट्यवधींची मालमत्ता असली तरी त्यातील एक पैही तो आपली मानू शकत नाही, या कायद्याच्या नियमामुळे गीतेतील अपरिग्रहाचा अर्थ आपल्याला उलगडला, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. १८९१ मध्ये विलायतेहून परतताच त्यांची मुंबईत श्रीमद् राजचंद्र यांच्याशी भेट झाली. हिरे-मोत्यांचा लाखोंचा व्यापार करतानाही अंतर्यामी अलिप्त राहणाऱ्या या जैन सत्पुरुषाचा प्रभाव गांधीजींवर आयुष्यभर राहिला. अशा रीतीने इंग्रजी कायदा, गीता आणि जैन आचार या तीन प्रवाहांच्या संगमातून विश्वस्तवृत्तीचा सिद्धान्त आकाराला आला. त्याला व्यापाराच्या व्यवहारात उतरविण्याचे कार्य वर्ध्याच्या या सेठजींनी केले.

गांधीजी आफ्रिकेतून परतल्यानंतर जमनालालजींनी त्यांचे जीवन जवळून न्याहाळले. बोलणे आणि वागणे यांत अंतर नाही, अशी खात्री पटल्यावरच त्यांनी स्वतःला त्यांच्या स्वाधीन केले. १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. याच सुमारास त्यांनी गांधीजींकडे आपल्याला पाचवा पुत्र मानावे, अशी विनंती केली. दत्तक म्हणून एकदा श्रीमंत घरात गेलेला हा पुरुष दुसऱ्यांदा दत्तक गेला तो एका फकिराकडे, आणि तोही स्वतःच्या इच्छेने.

सार्वजनिक निधीचा रक्षक

१९२० पासून जमनालालजी काँग्रेसचे कोषाध्यक्ष झाले आणि जवळजवळ अखेरपर्यंत ही जबाबदारी त्यांच्याकडे राहिली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प देशाने पार पाडला. असहकारात वकिली सोडलेल्या वकिलांच्या निर्वाहासाठी जमनालालजींनी स्वतः एक लाख रुपये दिले. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी त्याच वर्षी परत केली. पुढे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाचा कोषही त्यांच्याकडेच सोपविण्यात आला.

देशभरातून आलेल्या पै-पैशाचा सांभाळ करणे हे त्या काळी आजच्यापेक्षा अवघड होते, कारण देखरेख करणारी यंत्रणाच नव्हती. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम होता, परंतु तो खासगी न्यासांपुरता होता. सार्वजनिक धर्मादाय संस्थेत गैरव्यवहार झाल्यास संस्थेत हितसंबंध असलेल्या दोन व्यक्तींनी पूर्वपरवानगी घेऊन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली दावा दाखल करावा, हाच मुख्य मार्ग होता. १९२० मध्ये धर्मादाय व धार्मिक न्यासांविषयी एक कायदा झाला. त्यानुसार हितसंबंधी व्यक्तीला न्यायालयामार्फत हिशेब मागता येऊ लागला. मात्र दरवर्षी लेखापरीक्षण होऊन अहवाल सादर व्हावा, अशी सक्ती नव्हती. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशात सार्वजनिक न्यासांचा स्वतंत्र कायदा १९५१ मध्ये आला. मुंबई राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम विदर्भाला त्यानंतर, १९६० च्या एकीकरणाच्या कायद्याने, लागू झाला. २०१२ पासून हाच कायदा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो.

हे सांगण्याचे कारण असे की, जमनालालजींच्या काळी हिशेबाची जी शिस्त केवळ सचोटीवर अवलंबून होती, ती आज कायद्याने बंधनकारक आहे. कलम ३२ नुसार नियमित हिशेब ठेवणे, कलम ३३ व ३४ नुसार त्यांची दरवर्षी तपासणी करून घेऊन लेखापरीक्षकाचा अहवाल सादर होणे आवश्यक आहे. शिल्लक रक्कम कोठे ठेवावी, हेही विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलेले नाही. कलम ३५ नुसार ती मान्यताप्राप्त बँकेत, टपाल बचत खात्यात किंवा सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित जागीच गुंतवावी लागते. एखाद्या विश्वस्ताच्या पेढीवर संस्थेची रक्कम व्याजाने ठेवण्याची रीत पूर्वी अनेक ठिकाणी होती. ती प्रामाणिकपणे चालली असेल, व्याजही बँकेपेक्षा अधिक मिळाले असेल; परंतु आज कलम ३६-अ स्पष्टपणे सांगते की, विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःसाठी कर्ज घेता कामा नये. व्याज किती दिले, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

झेंडा सत्याग्रह

१९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व जमनालालजींनी केले. राष्ट्रध्वज घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाणाऱ्या तुकड्या रोज अटक होत होत्या. जूनमध्ये त्यांनाही अटक झाली, दीड वर्षाचा कारावास आणि तीन हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. त्यांनी दंड भरला नाही. तेव्हा सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावास काढली, पण नागपुरात बोली लावणारा मिळेना. व्यापाऱ्याची पत म्हणजे केवळ बाजारातील उधारी नव्हे. लोकांच्या मनात त्याच्याविषयी असलेला विश्वास ही त्याची खरी पत, याचे प्रत्यंतर त्या दिवशी नागपूरकरांना आले. विश्वस्ताचेही भांडवल हेच असते.

लक्ष्मीनारायण मंदिराचे द्वार

जमनालालजींच्या विश्वस्तवृत्तीची खरी कसोटी लागली ती घराण्याच्या मंदिराच्या बाबतीत. वर्ध्याचे श्रीलक्ष्मीनारायण मंदिर बच्छराजजींच्या काळात बांधले गेले. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना या मंदिरात प्रवेश मिळावा, अशी जमनालालजींची तीव्र इच्छा होती. मंदिर त्यांच्याच घराण्याने उभारलेले, गावात शब्दाला वजन, विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांशी व्यापारी संबंध. एखाद्याने आज्ञा देऊन एका दिवसात द्वार उघडले असते. जमनालालजींनी तसे केले नाही. मंदिराची व्यवस्था विश्वस्तांकडे होती, म्हणून त्यांनी विश्वस्तांची मने वळविण्याचा मार्ग धरला. त्याला वेळ लागला. समाजातून बहिष्काराच्या गोष्टी झाल्या, आप्तेष्ट दुखावले. अखेर जुलै १९२८ मध्ये विश्वस्तांचा रीतसर ठराव होऊन मंदिर सर्वांसाठी खुले झाले. हा प्रसंग विनोबांच्या उपस्थितीत पार पडला आणि त्याचा गाजावाजा देशभर झाला. मंदिरप्रवेशाचे कायदे त्यानंतर काही वर्षांनी आले.

या घटनेचे सामाजिक महत्त्व सर्वपरिचित आहे. विश्वस्तांच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक बोध आहे. आपली गोष्ट कितीही न्याय्य असली तरी ती एकट्याने करायची नसते. न्यासाचा कायदा असे मानतो की, विश्वस्त एकापेक्षा अधिक असतील तर त्यांनी मिळून निर्णय घ्यावा. न्यासलेखात वेगळी तरतूद नसेल तर एकट्याची सही पुरेशी नाही. आपले कर्तव्य दुसऱ्यावर सोपवून मोकळेही होता येत नाही. सभेची सूचना, गणपूर्ती, ठराव आणि इतिवृत्त या गोष्टी कोणाला कागदी वाटतात. परंतु संस्थेच्या संस्थापकांपेक्षा संस्था मोठी आहे, हे याच कागदांतून सिद्ध होते. संस्थापकाच्या वंशजानेसुद्धा ठरावाची वाट पाहावी, हे वर्ध्याच्या मंदिराने दाखवून दिले.

दान ज्या उद्देशाने मिळाले त्या उद्देशाचा प्रश्नही यातच येतो. जैन परंपरेत तो फार सूक्ष्मतेने पाहिला जातो. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया, साधारण खाते यांची सरमिसळ होऊ नये, देवासमोर अर्पण झालेले पुन्हा आपल्या उपयोगात येऊ नये, हे श्वेतांबर व दिगंबर दोन्ही आम्नायांत आपापल्या पद्धतीने सांगितले आहे. याच भावनेतून एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकांनी मुंबईच्या १९५० च्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. १८ मार्च १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात निर्णय दिला. सार्वजनिक न्यासांची नोंदणी, हिशेब व देखरेख यांविषयीचा कायदा न्यायालयाने मुख्यत्वे वैध ठरविला. मात्र मूळ धार्मिक उद्देश पूर्ण करणे शक्य असतानाही त्यासाठीचा पैसा अन्य कार्याकडे वळविणे हे धर्मस्वातंत्र्यात अनुचित हस्तक्षेप करणारे आहे, असे न्यायालयाने सांगितले. याचा दुसरा अर्थही विश्वस्तांनी ध्यानात घ्यावा. जे करण्यास शासनाला मनाई आहे, ते करण्याचा अधिकार विश्वस्तांना तरी कोठून मिळणार? पाठशाळेच्या खात्यातील रक्कम मंडपाच्या खर्चासाठी वापरणे, किंवा जीवदयेच्या निधीतून भोजनसमारंभ उरकणे, हे हिशेबाच्या वहीत लहान दिसते, पण उद्देशाच्या कसोटीवर मोठे ठरते.

संस्थांना दिलेले स्थैर्य

वर्धा हे शहर जमनालालजींच्या दानातून घडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९१४ मध्ये शिक्षा मंडळाचा पाया घातला गेला. या मंडळाने पुढे १९४० मध्ये वर्ध्यात आणि जमनालालजींच्या पश्चात १९४५ मध्ये नागपुरात गोविंदराम सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालय स्थापन केले. नागपुरातील व्यापारी कुटुंबांतील कित्येक पिढ्यांनी जमाखर्चाचे शास्त्रशुद्ध शिक्षण येथे घेतले. १९२१ मध्ये विनोबांच्या हस्ते वर्ध्यात सत्याग्रहाश्रमाची शाखा सुरू झाली. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघासाठी त्यांनी आपली बाग दिली, तीच आजची मगनवाडी. १९३६ मध्ये गांधीजी ज्या शेगाव खेड्यात राहावयास गेले, त्याची मालगुजारी बहुतांशी जमनालालजींकडे होती. तेच खेडे पुढे सेवाग्राम झाले. पवनारचा त्यांचा बंगला विनोबांचा आश्रम बनला.

या सर्व दानांत एक सूत्र आहे. जागा दिली, पैसा दिला आणि ज्याला त्या कार्याची जाण आहे त्याच्या हाती कारभार सोपविला. आश्रम विनोबांनी चालविला, ग्रामोद्योग कुमारप्पांनी. दात्याने दिल्यानंतर हात मागे घेणे हे देण्याइतकेच कठीण असते.

जमीन ही धर्मादाय संस्थांची सर्वांत मोलाची आणि सर्वांत असुरक्षित मालमत्ता होय. शहराच्या मध्यभागी असलेल्या जुन्या मंदिराच्या वा धर्मशाळेच्या जागेचे मोल आज कल्पनेपलीकडे गेले आहे. म्हणून कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे किंवा बक्षीस देणे यांसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक आणि बिगरशेती जमीन अथवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्याने देण्यासही ती लागते. सर्व विश्वस्तांचे एकमत झाले म्हणून ही अट टळत नाही. दात्याने जागा एका पिढीच्या विश्वस्तांना दिलेली नसते. पुढे येणाऱ्या सर्व पिढ्यांचा तीत वाटा असतो आणि त्यांच्या वतीने बोलणारे सभेत कोणी नसते. कायदा त्यांच्या वतीने बोलतो.

व्यापार आणि नीती

जमनालालजींनी व्यापार सोडला नाही. कापसाच्या व्यवसायाला त्यांनी १९३१ मध्ये गोला गोकर्णनाथ येथील साखर कारखान्याची जोड दिली. व्यापार सचोटीने करूनही तो वाढविता येतो, असा त्यांचा विश्वास होता आणि मुनीम-गुमास्त्यांनाही त्यांचा तोच आग्रह असे. दीर्घ काळ त्यांनी दैनंदिनी लिहिली. कोणाला भेटले, कोणत्या सभेस गेले, कशाची चर्चा झाली, याच्या त्रोटक नोंदी तीत आहेत. पेढीवरील रोजमेळ लिहिणाऱ्याला स्वतःच्या दिवसाचाही हिशेब ठेवावासा वाटावा, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. वर्ध्याचे चिरंजीलालजी बडजाते आणि ऋषभदासजी रांका यांच्यासारखे जैन समाजाचे कार्यकर्ते त्यांच्या सहवासात घडले.

अखेरचे पर्व

व्यक्तिगत सत्याग्रहात कारावास भोगून प्रकृती खालावल्यावर जमनालालजींनी राजकारणातून मन काढून घेतले. सप्टेंबर १९४१ मध्ये गोसेवा संघाची स्थापना झाली. वर्ध्याच्या सीमेवरील गोपुरी येथे साध्या झोपडीत राहून त्यांनी गोसेवेचे व्रत घेतले. ज्याच्या अतिथिगृहात देशाचे सर्व नेते उतरत, त्याने स्वतःसाठी मात्र झोपडी निवडली. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे आकस्मिक निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते.

श्रीमंतांनी आपल्या संपत्तीचे विश्वस्त व्हावे, असे जेव्हा जेव्हा आपण लिहिले तेव्हा प्रामुख्याने हाच व्यापारी डोळ्यांसमोर होता, अशा आशयाचे गांधीजींनी त्यांच्या निधनानंतर लिहिले. त्याचबरोबर आदर्श विश्वस्ताच्या पूर्ण कसोटीला ते उतरू शकले नसतील तर तो दोष त्यांचा एकट्याचा नाही, असेही त्यांनी मोकळेपणाने सूचित केले. स्तुतीतही हिशेब चुकू न देणारी ही आदरांजली गुरू व शिष्य दोघांनाही शोभणारी होती. जानकीदेवींनी स्वतःच्या नावची संपत्ती अर्पण करून पतीचे गोसेवेचे कार्य पुढे चालविले.

आजच्या विश्वस्तांसाठी

जमनालालजींसारखा त्याग सर्वांना साधेल असे नाही आणि कायदा तशी अपेक्षाही करीत नाही. कायद्याची अपेक्षा माफक आहे. सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जितकी काळजी घेतो, तितकी विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेची घ्यावी. त्यासाठी पुढील गोष्टी प्रत्येक विश्वस्ताने आवर्जून कराव्यात.

१. पद स्वीकारण्यापूर्वी संस्थेचा न्यासलेख, घटना आणि नोंदणीचा उतारा समक्ष वाचावा. उद्देश ठाऊक नसताना त्याचे पालन होणे शक्य नाही.

२. विश्वस्तांमध्ये किंवा मालमत्तेत बदल झाल्यास त्याची सूचना कलम २२ नुसार नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यावी. अनेक संस्थांच्या नोंदीत दिवंगत विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे तशीच राहतात आणि पुढे वाद उद्भवला की नव्या विश्वस्तांना आपला अधिकार सिद्ध करता येत नाही.

३. स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही अद्ययावत ठेवावी. मूर्ती, चांदीची उपकरणे, आभूषणे, हस्तलिखिते यांची वजनासह व वर्णनासह यादी असावी आणि कारभार सोपविताना ती दोन्ही बाजूंनी मोजून घ्यावी.

४. बोली व देणग्यांची पावती तत्काळ द्यावी, रक्कम त्या-त्या खात्यातच जमा करावी. बोली घेणाऱ्यानेही ती लवकर भरावी. थकलेली बोली ही विश्वस्तांच्या भिडेची खूण असते.

५. संस्थेशी स्वतःचा खरेदी-विक्रीचा व्यवहार टाळावा. दर वाजवी असला तरी देणारा आणि घेणारा एकच असू नये.

६. सभेस उपस्थित राहावे, न पटणाऱ्या ठरावास विरोध असल्यास तो इतिवृत्तात नोंदवावा. आपण केवळ नावापुरते विश्वस्त होतो, ही सबब नेहमी चालतेच असे नाही. सहविश्वस्ताचा गैरव्यवहार ठाऊक असून जो स्वस्थ बसतो, तोही उत्तरदायी ठरू शकतो.

कर्तव्यात कसूर झाल्यास काय होते, हेही ठाऊक असावे. हिशेब सादर करण्यात सातत्याने टाळाटाळ, कर्तव्याकडे दुर्लक्ष, अपहार अथवा विश्वासघात आढळल्यास कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित वा पदच्युत करता येते. संस्थेचे झालेले नुकसान चौकशीअंती त्याच्याकडून वैयक्तिक भरून घेता येते. गुन्हेगारी स्वरूपाच्या विश्वासघातासाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ लागू आहे. प्रामाणिक विश्वस्ताला यापैकी कशाचेही भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु प्रामाणिकपणा हा अंतःकरणात असून भागत नाही, तो वहीतही दिसावा लागतो. समाजातील पुष्कळशी भांडणे पैसे खाल्ल्याने होत नाहीत, हिशेब वेळेवर न दाखविल्याने होतात.

जमनालालजींना सांगणारा कोणताही धर्मादाय आयुक्त नव्हता. त्यांच्यावर देखरेख होती ती त्यांच्या विवेकाची. आज दोन्ही आहेत, म्हणजे विश्वस्ताचे काम त्या मानाने सोपे झाले आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्या श्रावक-श्राविकांनी आपल्या संसारातून बाजूला काढून संस्थेसाठी द्रव्य दिले, त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत. त्यांनी पावतीपलीकडे काही मागितले नव्हते. त्यांच्या दानाचा प्रत्येक रुपया त्यांच्या उद्देशासाठीच खर्च होणे आणि पुढील पन्नास वर्षे कारभार पाहणाऱ्यांच्या हाती स्वच्छ वह्या सोपविणे, हीच त्या दात्यांना आणि सेठ जमनालालजींसारख्या आदर्श विश्वस्ताला खरी आदरांजली ठरेल.